ससा देण्याआधी

मुरूड, ९ नोव्हेंबर

अब्बा,

सलाम. कसे आहात ते विचारत नाही, अम्मीच्या फोनवरून कळतं. माझा नंबर तुम्ही बंद करून टाकलाय म्हणून हा कागद. शेजारचे शारिकभाई मंगळवारी कुवेतला परत चाललेत, त्यांच्या बॅगेत सुक्या जवळ्याच्या पुडीखाली हा येईल. जवळा अम्मीने दिलाय, पत्र माझं आहे. जवळा ठेवून पत्र फेकून देऊ नका, एवढंच.

तुमचा निरोप मिळाला. 'जानेवारीत मी घरी येतो तेव्हा वरची खोली रिकामी पाहिजे, एकही जनावर दिसता कामा नये. आणि जुनेराने तबरेजची माफी मागावी.' अम्मीने तो मला जेवताना सांगितला आणि भांडी घासताना पुन्हा सांगितला, जणू पहिल्यांदा मी बहिरी होते.

खोली रिकामी करायला माझी ना नाही. शाळेत दिवसभर पोरांपुढे ओरडून आल्यावर लेंड्या झाडायची मला हौस नाही. ते ससे मी बाजारातून आणलेले नाहीत. काशीदच्या पुढचा तो रिसॉर्ट पावसाळ्याच्या तोंडावर बंद पडला. पर्यटकांच्या पोरांना खेळवायला त्यांनी ससे आणि गिनीपिग ठेवले होते. मालकाने गाद्या नेल्या, एसी नेले आणि ही जनावरं जाळीत कोंडून तशीच टाकून गेला. हेमांगी तिथे मासळी पुरवायची, म्हणून तिथल्या वॉचमनने तिला बोलावलं. हेमांगी म्हणजे कोळीवाड्यातली, माझ्याबरोबर शाळेत होती ती. आम्ही गेलो तेव्हा जाळीत घोट्याएवढं पाणी होतं आणि जिवंत होते ते मेलेल्यांच्या अंगावर बसून राहिले होते. मासळीच्या क्रेटमधून आणले आम्ही त्यांना घरी. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

आता चांगली घरं शोधतेय. घरं! अब्बा, माणसं काय काय बोलतात ते ऐकाल तर तुम्हालाही संताप येईल. नागावच्या बंगल्यातल्या एका बाईंना पांढराच हवा होता, मुलीच्या वाढदिवसाला टेबलावर ठेवायला. मग विचारतात, "पार्टी झाली की परत घ्याल ना?" एकाला राखाडी हवा, सोफ्याचा रंग राखाडी आहे म्हणून. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही फणसाडच्या जंगलात सोडू, बिचारे आझाद राहतील. मी म्हटलं, राहतील की, संध्याकाळपर्यंत! त्यांना राग आला. एकीने नेलेला ससा आठवड्यात आणून पायरीवर ठेवला, "हा रात्री जागतो, तुम्ही सांगितलं नव्हतं." आणि ज्याला त्याला वाटतं ससा म्हणजे गाजर. बाकी त्याला गवत लागतं, सावली लागते, दात झिजवायला लाकूड लागतं, हे सांगायला लागलं की पलीकडून हसू ऐकू येतं. "मॅडम, ससाच आहे ना?"

आणि तुमचे तबरेजचाचा. ते तुम्हाला काय सांगतात मला माहीत आहे, 'मकसूदच्या पोरीने मला दारातून हाकललं.' खोटं. मी त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं. नातवंडांसाठी दोन ससे हवेत म्हणाले. मी विचारलं कुठे ठेवाल. "गच्चीवर." मी म्हटलं, एप्रिलमध्ये गच्चीवर तासाभरात मरतील, चाचा. तर हसून म्हणाले, "एप्रिलपर्यंत ठेवतो कोण? जरा अंगाने भरले की रस्सा." मी म्हटलं, मग नाही मिळणार. एवढंच झालं.

मी साधू नाही, अब्बा. कोंबडी खाते, बोंबील तर रोज खाते. कुणाला कापून खायचंच असेल तर त्याने बाजारातून आणावं. माझ्याकडून 'पाळतो' म्हणून न्यायचं आणि कापायचं, हे मी चालू देणार नाही. याची मी माफी मागणार नाही.

तुम्ही अम्मीला म्हणालात, तबरेजने आपल्या घरासाठी किती केलंय. केलंय ना. थोरल्या यशरा आपाचं स्थळ त्यांनीच आणलं होतं.

जुनेरा


मुरूड, २३ नोव्हेंबर

अब्बा,

शारिकभाईंनी अम्मीला फोनवर सांगितलं की तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत, खिशात ठेवलंत आणि जवळ्याचं कौतुक केलंत. बरं. हे दुसरं पोस्टाने धाडतेय.

निकेशची गोष्ट सांगते. तुम्ही नेहमी म्हणता ना, जुनेराला माणसं ओळखता येत नाहीत, सगळ्यांवर संशय घेते. ऐका मग.

निकेश दिवाळीआधी आला होता. तिशीचा, नीटस, बोलण्यात एवढं मार्दव की हेमांगीसारखी फटकळ बाई त्याला 'दादा' म्हणायला लागली. समुद्राजवळ त्याचं लहानसं होमस्टे आहे, मागे वाडी आहे, आंब्याची सावली आहे. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला त्याचं उत्तर तयार होतं. एकटा ठेवू नये, जोडीनं ठेवावा, हे मी सांगायच्या आधी तोच म्हणाला. आजारी पडला तर अलिबागच्या डॉक्टरांकडे नेईन, हेही तोच. मी खूश झाले. एक भुरा आणि एक काळ्या कानांचा, दोन्ही माझे लाडके, त्याला दिले. गाडीपर्यंत पोचवायला गेले, वेडी!

परवा शाळेतल्या एका पोरीने मोबाइलवर दाखवलं. निकेशच्या होमस्टेची रील. पर्यटक रांगेत उभे, भुऱ्याच्या गळ्यात चकचकीत रिबन, एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर. मागे स्पीकर वाजतोय. एका पोराने त्याला कानांना धरून उचललंय आणि सगळे हसताहेत.

शाळा सुटल्याबरोबर हेमांगीच्या स्कूटरवर बसले. तो ओटीवर पाहुण्यांना पोहे देत होता.

"अरे, ताई! सांगून यायचं ना."

"ससे कुठे आहेत?"

"आत्ता आराम करतायत. तुम्ही बसा तरी. चहा?"

मी सरळ मागे गेले. आंब्याची सावली होती, खोटं नव्हतं. ससा मात्र पत्र्याच्या शेडमध्ये, कोंबड्यांच्या खुराड्यात होता. भुऱ्याचा एक कान फाटलेला, त्यावर माश्या बसलेल्या. रिबन अजून गळ्यात तशीच.

"दुसरा?"

"तो गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला, ताई. आता जनावर म्हटल्यावर..." आणि पाहुण्यांकडे बघून हसला. तसाच, मार्दवाने.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही, आणि पाहुण्यांमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी कानांवर हात ठेवले होते. हेमांगी तर त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचली. भुऱ्याला ओढणीत गुंडाळून घेऊन आलो. येताना हेमांगीने वाटेत स्कूटर थांबवली. म्हणाली, "जुने, गोड बोलनाऱ्याला आपन आता काय पन देवाचा न्हाय."

तेव्हापासून ठरवलंय. बोलणं ऐकून द्यायचं नाही, आधी घर बघून यायचं. दिल्यानंतर महिन्याभराने पुन्हा जायचं, न कळवता. आणि नेणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं, जमत नसेल तर परत आणा, कधीही आणा, मी एक शब्द विचारणार नाही. दार उघडं आहे.

आता तुम्हाला विचारते. दुल्हाभाईही गोड बोलायचे ना? आपाशी निकाह होण्याआधी तुमच्या पायाशी बसायचे, तुम्हाला 'अब्बाजान' म्हणायचे. तुम्ही तिच्या सासरचं, तळा गावातलं ते घर कधी डोळ्यांनी बघितलंत? व्हिडिओ कॉलवर बघितलंत. त्यात फ्रिज दिसला, नवा सोफा दिसला. चौकशी केलीत म्हणता, ती कुणाकडे? तबरेजचाचांकडे. म्हणजे ज्याने स्थळ आणलं त्यालाच विचारलंत की स्थळ कसं आहे.

ईदनंतर आपा घरी आलेली नाही. तिचा फोन सासू उचलते, "यशरा सयपाकात हाय," "यशरा झोपली हाय," "यशरा बरी हाय." मी एकटी जाऊन येते म्हटलं तर अम्मी रडते. तुम्ही बजावून ठेवलंय म्हणे, दिलेल्या मुलीच्या घरात नाक खुपसायचं नाही.

पुढच्या रविवारी मला तळ्याला जायचंय. गिनीपिग बघायला.

जुनेरा


मुरूड, ७ डिसेंबर

अब्बा,

एव्हाना तुम्हाला दुल्हाभाईंचा फोन आला असेल, तबरेजचाचांचाही. त्यांच्याकडून ऐकलंत ते ऐकलंत, आता माझ्याकडून घ्या.

तळ्याला मनाली म्हणून एक बाई आहेत, बाजारात त्यांचं चपलांचं दुकान आहे. महिन्याभरापूर्वी त्यांनी गिनीपिगची जोडी नेली होती. हेमांगी आणि मी सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो, पुढे म्हसळ्यावरून तळा. न सांगता मनालीबाईंच्या दारात उभ्या राहिलो. मी भांडायची तयारी करूनच गेले होते, खरं सांगते. भांडायला काही सापडलं नाही. मागच्या पडवीत थंडगार कोपरा, खाली कोरडा पेंढा, मातीचं मडकं आडवं टाकून त्यात दोघं लोळत होती, गुबगुबीत. मनालीबाईंचा आवाज ऐकून शिट्टी वाजवल्यासारखी ओरडायला लागली. बाई लाजल्या, "मला हाक मारतात." मी त्यांचा हात धरला आणि मला रडू आलं. त्यांना कळेना काय झालं ते.

तिथून आपाचं घर चालत दहा पावलांवर नसलं तरी पाच-सात गल्ल्यांवर आहे. माझी सख्खी बहीण. गिनीपिगची चौकशी करायला मी दोन तालुके ओलांडून गेले आणि तिला न भेटता परत फिरू?

सासूने दार उघडलं. मला बघून तोंड वाकडं झालं, मग सरळ केलं. "अगो, जुनेरा! सांगूनशी यायचा." आत बसवलं. फ्रिज होता, सोफा होता, सोफ्यावर प्लास्टिक अजून तसंच होतं. दुल्हाभाई दुकानावर होते.

आपा सरबत घेऊन आली.

अब्बा, तुम्ही तिला ओळखलं नसतंत. गालफडं बसलेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरतील एवढं मनगट. मी विचारलं, "आपा, कशी आहेस?" तर सासू म्हणाली, "बरी हाय." मी विचारलं, "जेवतेस ना?" सासू म्हणाली, "जेवतं ना, काय कमी हाय?" आपा तोवर ट्रे धरून उभी. मी तिच्या डाव्या बाजूला होते. हळूच म्हटलं, "आपा, बस ना." ती हलली नाही. पुन्हा म्हटलं. तिने वळून बघितलंच नाही. मी उठून उजव्या बाजूला गेले आणि तेच म्हटलं, तेव्हा दचकून माझ्याकडे बघितलं.

"कानाला काय झालं?"

"सर्दी," आपा म्हणाली.

"सर्दी हाय," सासू म्हणाली.

ससा दुखणं दाखवत नाही, अब्बा. दाखवलं की कुणीतरी झडप घालणार हे त्याच्या रक्तात असतं. पाय मोडला तरी गप्प बसून राहतो, डोळे उघडे ठेवून. सहा महिने मी तेच डोळे बघतेय. आपाचे तसे होते.

मग मी जे केलं ते लपवत नाही. मी तुमचं नाव घेतलं.

"अब्बांचा फोन आला होता," मी म्हटलं. "आपाला आजच घेऊन ये म्हणालेत."

सासू उठून उभी राहिली. "मकसूदभाय बोलले? मंग आमाला फोन का न्हाय केला?"

"तुम्हालाही करतील. मला म्हणाले, आधी घेऊन ये."

"माजा पोरगा दुकानावर हाय. तो येल, मंग बघू."

"तो येईल तेव्हा त्याला सांगा, अब्बांनी बोलावलंय."

आपा माझ्याकडे बघत होती. फार वेळ नाही. मग ट्रे खाली ठेवला, आत गेली, बुरखा घालून बाहेर आली. हातात पिशवी नाही, पर्स नाही. पायात चपलासुद्धा घरातल्या. सासूने तिचा दंड धरला. तेवढ्यात हेमांगी दारात आली, ती बाहेर रिक्षा थांबवून उभी होती. हेमांगीचा आवाज तुम्हाला माहीत आहे, बंदरावरून कुलाब्यापर्यंत जातो. "ए मावशी, हात सोड तिचा. सोड, न्हायतर आख्खा तळा गोळा करीन इथं." शेजारची दोन दारं उघडली. सासूने हात सोडला.

दिघीला फेरीची वाट बघताना मी वडापाव आणले. आपाने आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि तसा खाल्ला. घाईघाईने, कुणी काढून घेईल असा. हेमांगी दुसरीकडे जाऊन उभी राहिली. मीही.

दुसऱ्या दिवशी अलिबागला डॉक्टरांना दाखवलं. तिच्या कानाचा पडदा फाटलाय. आज-कालचा नाही, म्हणाले. मार लागल्याशिवाय असा फाटत नाही.

तिला मी सांगितलेलं नाही की तुमचा फोन आलाच नव्हता. तिला वाटतंय तुम्ही बोलावलंत. ते खरं करायचं की खोटं, ते तुमच्या हातात आहे.

ती वरच्या खोलीत झोपते. ससे पडवीत हलवलेत.

जुनेरा


मुरूड, २१ डिसेंबर

अब्बा,

तुम्ही फोन केलात, तोही अम्मीच्या नंबरवर. अम्मीला स्पीकर बंद करता येत नाही हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. आपा समोर बसून तांदूळ निवडत होती. तुमचा आवाज सगळ्या घराने ऐकला. "मी कुणालाही बोलावलेलं नाही. जुनेराने माझ्या नावावर खोटं सांगितलं. गुलबानू, पोरीला उद्याच्या उद्या तळ्याला पोचव. तबरेज येईल बरोबर. लोक काय म्हणतील?"

कानाचं तुम्हाला पत्रातून कळलं होतं. त्याबद्दल एक शब्द नाही. लोक!

मला वाटलं आपा आता कोसळेल. मी तिच्याकडे बघूही शकत नव्हते. मग अम्मी म्हणाली, "आवाज येत न्हाय हो. समुद्राकडं वारा हाय," आणि फोन बंद केला. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. तुमची बायको तुमच्याशी खोटं बोलली, अब्बा. मी तिला पहिल्यांदाच असं बोलताना पाहिलं. तिने फोन बाजूला ठेवला. मग उठून आपाचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "खय जायाचा न्हाय तुला."

मी आपाला म्हटलं, "मला माफ कर. मी तुला खोटं सांगून आणलं."

आपाने तांदळातला खडा बाजूला टाकला. "मला माहीत होतं."

"कधी कळलं?"

"तू बोललीस तेव्हाच. अब्बा 'घेऊन ये' म्हणतील? माझ्या अब्बांना मी ओळखत नाही होय?" मग म्हणाली, "मला फक्त कुणीतरी ते माझ्या सासूच्या तोंडावर बोलायला हवं होतं, जुनेरा. कुणाचंही नाव घेऊन."

मी तुमच्यावर इतकी वर्षं चिडतेय. कधी कॉलेजवरून, कधी नोकरीवरून, आता सशांवरून. पण त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मी चीड म्हणणार नाही. तुमच्या मुलीला तुमच्याबद्दल एवढी खात्री होती, आणि ती खरी निघाली.

तबरेजचाचा आले होते. अम्मीने दार उघडलं नाही, खिडकीतून सांगितलं, घरात पुरुष नाही. जमातीत अर्ज दिलाय, आपाने स्वतः. खुला हवाय म्हणून, तलाक ती स्वतः मागतेय. मौलवीसाहेबांनी डॉक्टरांचा कागद मागितला, तो दिला. दुल्हाभाईंना बोलावलंय, बघू येतात का.

आता कालचं सांगते, मग पुरे.

काल रविवार. मी आणि हेमांगी भुऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. अम्मी शेजारी. घरात आपा एकटी. मुंबईहून एक जोडपं आलं, मांडव्याला बोटीने उतरून गाडी करून. फोनवर माझ्याशी बोलले होते, मी संध्याकाळी या म्हटलं होतं, ते दुपारीच आले. मी परतले तेव्हा फाटकाशी तो माणूस उभा होता, आत पडवीच्या पायरीवर आपा. मी थांबले. आपाने मला बघितलं नव्हतं.

आपा विचारत होती, कुठे ठेवणार. दिवसभर घरात कोण असतं. घरातल्या कुणाला जनावर नको आहे का. चिडलात की काय करता. हा शेवटचा प्रश्न माझा नाही, अब्बा, मी तो कधी कुणाला विचारलेला नाही. तो माणूस वैतागला होता. त्याची बायको 'चल, जाऊ दे' म्हणत होती. तो हसला आणि म्हणाला, "अहो, किती चौकशी! ससा न्यायचाय, तुमची मुलगी नाही."

आपा त्याच्याकडे बघत राहिली. आवाज चढवला नाही.

"मुलगी असती तर कुणी काही विचारलंच नसतं," ती म्हणाली. "नाही देणार मी तुम्हाला. जा तुम्ही."

ते गेले. गाडी वळताना त्याने काहीतरी शिवी दिली. आपाने फाटकाची कडी लावली, माझ्याकडे वळली, आणि मी बघतेय हे कळल्यावर एकदम हसायला लागली. हसता हसता पायरीवर बसली. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

रात्री मी म्हटलं, अब्बांना लिहितेय, काही सांगायचंय का? तिने विचार केला. म्हणाली, "जानेवारीत येऊ देत त्यांना. जे बोलायचं ते मी समोर बसून बोलेन. तू मध्ये पडू नकोस."

तर या. मी मध्ये पडणार नाही.

जुनेरा